शालेय श्रेयांकांचे पूर्वार्जन, दूरशिक्षणाद्वारे

माध्यमिक शाळेत रीतसर दाखल होण्यापूर्वी, म्हणजे सहावी ते आठवी या इयत्तांत असतानाच, माध्यमिक स्तरावरील एखादा विषय पूर्ण करून त्याचा श्रेयांक विद्यार्थ्याने आपल्या नावावर जमा करून घेणे, यास शालेय श्रेयांकांचे पूर्वार्जन म्हणता येईल. तो विषय मुलाच्या स्वतःच्या शाळेत शिकविला जात नसेल, तर पत्रद्वारा, उपग्रहाद्वारा किंवा अलीकडे आंतरजालाद्वारा चालणाऱ्या पाठ्यक्रमातून तो शिकता येतो. ही पद्धती मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ आहे. तेथील शिक्षणव्यवस्थेत ती वरवर गौण वाटत असली, तरी गणितासारख्या विषयात मुलाच्या पुढील शिक्षणाचा मार्ग तिच्यावर अवलंबून राहू शकतो. त्यामुळे केवळ हुशार मुलांची एक सोय म्हणून तिच्याकडे पाहणे अपुरे ठरते.

श्रेयांक ही कल्पना भारतीय वाचकास थोडी स्पष्ट करून सांगावी लागते. महाराष्ट्रातील विद्यार्थी दहावीच्या अखेरीस मंडळाच्या एकाच परीक्षेस बसतो आणि त्या परीक्षेचा निकाल हाच त्याच्या माध्यमिक शिक्षणाचा पुरावा असतो. आठवीत तो काय शिकला, याची नोंद त्या प्रमाणपत्रावर येत नाही. अमेरिकेत अशी एकच शालान्त परीक्षा नाही. नववी ते बारावी या चार वर्षांत विद्यार्थी एकेक विषय पूर्ण करतो, प्रत्येक विषयाबद्दल त्यास ठराविक श्रेयांक मिळतो आणि राज्याने ठरविलेली श्रेयांकांची बेरीज पूर्ण झाली की, त्यास माध्यमिक शाळेची पदविका मिळते. फ्लॉरिडा राज्यात सर्वसाधारण पदविकेसाठी २४ श्रेयांक लागतात. श्रेयांक म्हणजे एका परीने खातेवहीतील जमेची नोंद होय. ही नोंद किती अगोदर करता येईल, हा प्रस्तुत विषयाचा गाभा आहे. महाराष्ट्रात याच्याशी थोडेफार साम्य असलेले एक उदाहरण आढळते : एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय चित्रकला परीक्षा दहावीच्या आधीच्या इयत्तांत दिल्या जातात आणि इंटरमीजिएट परीक्षेतील श्रेणीनुसार शालान्त परीक्षेच्या गुणांत वाढीव गुण धरले जातात. अगोदर मिळविलेल्या प्रावीण्याची नंतरच्या निकालात नोंद होण्याचा हा प्रकार आहे. मात्र त्यामुळे दहावीचा कोणताही विषय कमी होत नाही.

श्रेयांकाची उत्पत्ती : अमेरिकन शालेय श्रेयांकाचा जन्म शाळेत झाला नाही, तो प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनातून झाला. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी १ कोटी डॉलरचा निधी दिला. त्या निधीचा विनियोग करणाऱ्या कार्नेगी प्रतिष्ठानापुढे प्रश्न असा होता की, खऱ्या अर्थाने महाविद्यालय कोणास म्हणावे. प्रवेशासाठी माध्यमिक शिक्षणाचे किमान १४ एकक मागणारी संस्था ती महाविद्यालय, अशी कसोटी प्रतिष्ठानाने ठरविली आणि एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तासांचे अध्यापन म्हणजे एक एकक, असे मोजमाप बसविले. निवृत्तिवेतनाच्या ओढीने महाविद्यालयांनी ते स्वीकारले व महाविद्यालयांच्या दडपणाने शाळांनी. ‘कार्नेगी एकक’ या नावाने ते शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे. राज्याराज्यांत तासांची संख्या थोडी बदलते : व्हर्जिनियात ती १४० आहे, तर फ्लॉरिडात १३५.

या मोजमापात एक अडचण सुरुवातीपासून दडलेली होती. त्यात मोजला जातो तो वर्गात बसण्याचा काळ. ज्ञान मोजले जात नाही. घरी बसून टपालाने धडे सोडविणारा मुलगा वर्गात बसतच नाही, मग त्याचे तास कोणी व कसे मोजावयाचे? या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळ्या राज्यांनी वेगवेगळी दिली. फ्लॉरिडाच्या कायद्यात तासांना पर्याय म्हणून विषयावरील प्रभुत्व सिद्ध करण्याची मुभा आहे. टेक्सस राज्यात विषय शाळेत न शिकताही परीक्षा देता येते आणि १०० पैकी ८० गुण मिळाल्यास श्रेयांक मिळतो. न्यू हँपशर राज्याने २००५ च्या नियमावलीत तासांची अट बाजूस सारून श्रेयांकाची सांगड क्षमतेशी घालण्याचे ठरविले. खुद्द कार्नेगी प्रतिष्ठाननेही २०१५ मध्ये आपल्या एककाचा फेरविचार प्रसिद्ध केला. दूरशिक्षणातून लहान वयात श्रेयांक मिळविणे शक्य झाले, ते या फटीतून.

‘अगोदर’ या शब्दाचा अर्थ : नववीपूर्वीचा श्रेयांक हा अपवाद ठरण्यामागे शाळांच्या रचनेतील एक बदल आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आठ वर्षांची प्राथमिक व चार वर्षांची माध्यमिक शाळा अशी मांडणी होती. १९०९ मध्ये ओहायओतील कोलंबस येथे आणि त्यानंतर लगेच कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सातवी, आठवी व नववी यांची स्वतंत्र कनिष्ठ माध्यमिक शाळा निघाली व पुढे ती देशभर पसरली. या शाळेत नववीचा वर्ग असल्याने तिच्या इमारतीत माध्यमिक श्रेयांक देणे ही नित्याची गोष्ट होती. १९६० नंतर तिची जागा हळूहळू सहावी ते आठवीच्या ‘मिडल स्कूल’ने, म्हणजे मध्यशाळेने घेतली आणि नववी माध्यमिक शाळेत गेली. सीमारेषा आठवी व नववी यांच्यामध्ये पक्की झाली. बीजगणिताचा वर्ग मात्र सीमेच्या अलीकडे कोठे होता, कोठे नव्हता. जेथे नव्हता, तेथे दूरशिक्षणाची गरज उत्पन्न झाली.

पत्रद्वारा शिक्षणाची परंपरा : अमेरिकेतील पत्रद्वारा शिक्षणास प्रौढांपासून आरंभ झाला. ॲना एलियट टिकनर यांनी १८७३ मध्ये बॉस्टन येथे स्त्रियांसाठी घरबसल्या अभ्यासाची संस्था काढली. विल्यम रेनी हार्पर यांनी १८९२ मध्ये शिकागो विद्यापीठात पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग सुरू केला. लहान मुलांसाठी बॉल्टिमोर येथील कॅल्व्हर्ट शाळेने १९०६ पासून घरी शिकण्याचे संच टपालाने पाठविण्यास प्रारंभ केला. परदेशी राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांची, त्यांत मिशनऱ्यांचीही, कित्येक मुले या संचांवर शिकली. तथापि हे प्राथमिक शिक्षण होते. त्यात श्रेयांकांचा प्रश्न उद्‌भवत नव्हता.

माध्यमिक स्तरावरील निर्णायक प्रयोग १९२३ मध्ये मिशिगन राज्यातील बेंटन हार्बर या लहान गावी झाला. तेथील शाळेचे अधीक्षक सिडनी मिचेल यांना मुलांना व्यावसायिक विषय शिकवावयाचे होते, परंतु तेवढे शिक्षक परवडत नव्हते. त्यांनी पत्रद्वारा चालणारे पाठ्यक्रम विकत घेतले, मुलांना शाळेच्या वेळापत्रकातच त्यांसाठी तास दिला आणि त्या तासाला एक शिक्षक देखरेखीस बसविला. शिक्षकाने तो विषय शिकवावयाचा नव्हता. मुलाचा धडा पुढे सरकतो आहे की नाही, एवढेच पाहावयाचे होते. या योजनेस पर्यवेक्षित पत्रद्वारा अभ्यास असे नाव पडले. तिचे महत्त्व असे की, विषयाचे ज्ञान दूरवरून आले तरी मुलाजवळ बसणारे माणूस जवळचेच असावे लागते, हे तिने प्रथम ओळखले. पुढे माध्यमे बदलली, पण जे उपक्रम टिकले त्यांत हा घटक कोणत्या ना कोणत्या रूपाने आढळतो.

नेब्रॅस्का विद्यापीठाने १९२९ मध्ये हीच पद्धती राज्यातील विखुरलेल्या लहान शाळांसाठी उचलली. एका शिक्षकाने तीन-चार विषय शिकवावेत अशी स्थिती असलेल्या गवताळ प्रदेशातील शाळांत लॅटिन किंवा उच्च गणित हे विषय लिंकन शहरातून टपालाने येऊ लागले. सोडविलेले धडे लिंकनला जात, तपासून परत येत आणि अंतिम परीक्षा गावातील पर्यवेक्षकासमोर होई. नॉर्थ डकोटा राज्याने १९३५ मध्ये यासाठी सरकारी विभागच उभारला. अलास्कात १९३९ पासून पत्रद्वारा शाळा चालू झाली. तेथे अंतर आणि हिवाळा या दोन्ही कारणांनी दुसरा उपाय नव्हता. या संस्थांचे बहुतेक विद्यार्थी नववी ते बारावीचे होते. पण आठवीतील एखाद्या मुलाने बीजगणिताचा संच मागविल्यास संस्थेस हरकत घेण्याचे कारण नसे, कारण धड्यावर इयत्ता लिहिलेली नसते. हरकत येई ती मुलाच्या पुढील शाळेकडून.

उपग्रह व आंतरजाल : १९८० नंतरच्या दशकात ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाने उपग्रहाद्वारे जर्मन भाषेचे वर्ग ग्रामीण शाळांपर्यंत नेले आणि १९८८ पासून केंद्र शासनाच्या ‘स्टार स्कूल्स’ योजनेने अशा उपक्रमांस अनुदान दिले. उपग्रहाची मोठी अडचण म्हणजे वेळ. विद्यापीठातील वर्ग सकाळी दहाला असेल, तर मध्यशाळेच्या मुलास त्याच वेळी दुसरा तास असे. आंतरजालाने ही अडचण दूर केली. यूटा राज्याने १९९४ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमिक शाळा काढली. १९९७ मध्ये फ्लॉरिडा व्हर्च्युअल स्कूल ही शासकीय शाळा सुरू झाली व ती या प्रकारातील सर्वांत मोठ्या संस्थांपैकी एक बनली. राज्यातील मुलांना तिचे पाठ्यक्रम विनामूल्य असून इतर राज्यांतील व परदेशांतील मुलांना शुल्क पडते. तिच्या अनुदानाचा नियम विशेष लक्षणीय आहे : २००३ च्या कायद्यानुसार शाळेस पैसा मिळतो तो विद्यार्थ्याने पाठ्यक्रम यशस्वीपणे पूर्ण केल्यावर. प्रवेश घेऊन मध्येच सोडणाऱ्या मुलांबद्दल काही मिळत नाही. दूरशिक्षणातील गळतीवर हा चांगला उतारा आहे. मात्र उत्तीर्ण करण्याचा मोह त्यातून निर्माण होऊ शकतो. बीजगणितापुरता तरी त्यास राज्याच्या परीक्षेने आळा बसतो, कारण तेथे मध्यशाळेतील मुलास या विषयाचा श्रेयांक हवा असेल, तर राज्याची विषयान्त परीक्षा द्यावी लागते व तिचे गुण अंतिम श्रेणीत ३० टक्के धरले जातात.

याच सुमारास बुद्धिमान मुलांसाठीही दूरशिक्षण विस्तारले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्यूलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला होता आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशाची चाचणी देऊन त्यांची निवड करण्याची प्रथा पाडली. स्टॅनफर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञ पॅट्रिक सपीस यांनी संगणकावरील गणितशिक्षणाचे प्रयोग १९६० नंतरच्या दशकापासूनच चालविले होते. त्या परंपरेतून २००६ मध्ये स्टॅनफर्डची आंतरजालीय माध्यमिक शाळा निघाली. तीत सातवीपासून प्रवेश मिळतो.

बीजगणिताचा प्रश्न : नववीपूर्वी दूरशिक्षणाने घेतल्या जाणाऱ्या विषयांत बीजगणित, भूमिती व परकीय भाषा हे प्रमुख होत. त्यांपैकी बीजगणितावर जेवढा वाद झाला, तेवढा इतर कोणत्याही विषयावर झाला नाही. कारण साध्या मोजणीतून कळते. अमेरिकेत बीजगणित व भूमिती एकत्र शिकवीत नाहीत. पहिले बीजगणित, भूमिती, दुसरे बीजगणित, कलनपूर्व गणित आणि कलन अशा पाच पायऱ्या, प्रत्येकी एक वर्ष, अशी चढण असते. माध्यमिक शाळेची वर्षे मात्र चारच आहेत. ज्या मुलाने पहिली पायरी आठवीत चढली नाही, त्यास बारावीपर्यंत कलनाला पोचता येत नाही. पोचावयाचे तर उन्हाळ्याच्या सुटीत एखादी पायरी भरून काढावी लागते किंवा एकाच वर्षी दोन विषय घ्यावे लागतात. अभियांत्रिकी व विज्ञानशाखांच्या नामांकित महाविद्यालयांत प्रवेश घेणारे बहुसंख्य विद्यार्थी शाळेतच कलन शिकून येतात. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाच्या शाळेत बीजगणिताचा वर्ग आहे की नाही, यावर त्याचे अठराव्या वर्षीचे पर्याय काही अंशी ठरून जातात. नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्ते रॉबर्ट मोझेस यांनी १९८२ पासून ‘अल्जिब्रा प्रॉजेक्ट’ चालवून कृष्णवर्णीय व गरीब मुलांसाठी हा विषय मतदानाच्या हक्काइतकाच महत्त्वाचा असल्याचे प्रतिपादन केले, ते याच कारणाने.

सॅन फ्रॅन्सिस्को शहराचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथील शाळा-जिल्ह्याने २०१४ मध्ये आठवीतील बीजगणिताचे वर्ग बंद करून सर्वांना तो विषय नववीत शिकविण्याचे ठरविले. पुढे गेलेली व मागे राहिलेली मुले अशी लवकर विभागणी होऊ नये, हा त्यामागील हेतू चांगला होता. पण वर्ग बंद झाल्याने मागणी बंद होत नाही. ऐपत असलेल्या पालकांनी शुल्क भरून बाहेरचे, पुष्कळदा आंतरजालावरील, बीजगणिताचे पाठ्यक्रम मुलांना दिले व ती मुले नववीत भूमितीच्या वर्गात जाण्याचा प्रयत्न करू लागली. ज्यांना हा मार्ग ठाऊक नव्हता किंवा परवडत नव्हता, ती मागे राहिली. प्रकरण २०२३ मध्ये न्यायालयात गेले. मार्च २०२४ मध्ये मतदारांनी आठवीतील बीजगणित परत आणावे असा सल्लागारी कौल मोठ्या बहुमताने दिला आणि २०२४-२५ या शालेय वर्षात काही शाळांत ते प्रायोगिक स्वरूपात पुन्हा सुरू झाले. सार्वजनिक शाळेने सोडलेली जागा खाजगी दूरशिक्षणाने भरली की विषमता कमी न होता केवळ दृष्टीआड होते, असे या दशकभराच्या अनुभवावरून म्हणावे लागते.

तेच साधन शाळेने स्वतः वापरल्यास काय होते, याचे उत्तर मेन व व्हर्माँट या दोन राज्यांतील एका काटेकोर प्रयोगातून मिळाले. केंद्रीय शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेसाठी केलेल्या या अभ्यासात ६८ शाळा होत्या, त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने त्यांचे दोन गट पाडून २००८-०९ या वर्षी एका गटातील आठवीच्या तयार मुलांना आंतरजालावरून बीजगणित शिकण्याची सोय देण्यात आली. दुसऱ्या गटात नेहमीचेच वर्ग चालू राहिले. वर्षअखेर पहिल्या गटातील मुलांना बीजगणित अधिक चांगले येत होते. याहून महत्त्वाचे म्हणजे, माध्यमिक शाळेत गणिताच्या प्रगत मार्गावर जाण्याचे प्रमाण त्या गटात ५१ टक्के, तर दुसऱ्या गटात २६ टक्के आढळले. वर्गातील इतर मुलांचे त्यामुळे नुकसान झाल्याचेही दिसले नाही. पाठ शिकविणारा शिक्षक दूर असला, तरी शाळेत मुलांजवळ बसणारा एक प्रौढ मनुष्य या प्रयोगातही होता. बेंटन हार्बरच्या तासाची येथे आठवण व्हावी.

या निष्कर्षास दुसरी बाजू आहे. शिकागो येथे नववीत बीजगणितात अनुत्तीर्ण झालेल्या मुलांना तोच विषय उन्हाळ्यात आंतरजालावरून पुन्हा शिकविण्याचा प्रयोग झाला, तेव्हा प्रत्यक्ष वर्गात बसलेल्या मुलांपेक्षा त्यांचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण कमी भरले व त्यांना पाठ्यक्रमही अधिक कठीण वाटला. तयार मुलास पुढे नेण्याचे काम हे माध्यम करू शकते. अडखळलेल्या मुलास हात देण्याचे काम ते तितक्या चांगल्या प्रकारे करीत नाही. मध्यशाळेतील मुलाची निवड करताना हा भेद लक्षात घेतला जात नाही, ही नेहमीची तक्रार आहे. बारा वर्षांच्या मुलाची गणितातील समज आणि रोज ठरल्या वेळी एकट्याने अभ्यासास बसण्याची सवय या दोन भिन्न गोष्टी असून दुसरी सामान्यतः उशिरा येते.

श्रेयांक कसा मिळतो : पाठ्यक्रम पूर्ण होणे आणि श्रेयांक मिळणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पालकांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. दूरशिक्षण संस्था गुणपत्रक देते. श्रेयांक जमा करते ती मुलगा पुढे ज्या माध्यमिक शाळेत जाणार ती शाळा. अमेरिकेत सुमारे १३,००० शाळा-जिल्हे असून राज्याच्या चौकटीत प्रत्येकाचे नियम वेगळे असतात. संस्थेस मान्यताप्राप्त मंडळाची अधिस्वीकृती असावी लागते, पण तेवढ्याने स्वीकाराची हमी मिळत नाही. म्हणून पाठ्यक्रम सुरू करण्यापूर्वीच शाळेच्या समुपदेशकाकडून लेखी संमती घेण्याचा प्रघात आहे. संमतीविना पूर्ण केलेल्या विषयाबाबत शाळा तीन प्रकारे वागू शकते : श्रेयांक देते, श्रेयांक न देता मुलास वरच्या वर्गात बसविते, किंवा दोन्ही नाकारून तोच विषय पुन्हा शिकावयास लावते. दुसरा प्रकार दिसतो तितका वाईट नाही, कारण गणितात वरचा वर्ग मिळणे हाच मुख्य लाभ असतो. शिवाय काही ठिकाणी गणिताचे ठराविक श्रेयांक नववी ते बारावीतच मिळवावे लागतात. तेथे अगोदरच्या श्रेयांकाने विषयांचा भार कमी होत नाही, फक्त पायरी वर सरकते.

वर्षभराच्या विषयाचे साधारणपणे दोन सत्रांत अर्धा-अर्धा श्रेयांक असे भाग असतात. मुलगा आपल्या गतीने धडे पुरे करतो, शिक्षकाशी दूरध्वनीवर किंवा पडद्यावर बोलतो आणि अंतिम परीक्षा पर्यवेक्षकासमोर देतो. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती आंतरजालावर गोळा करण्यास १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार पालकांची संमती लागत असल्याने सहावी-सातवीच्या मुलांच्या प्रवेशात ती एक पायरी वाढते.

श्रेणीची कायम नोंद : पूर्वार्जनातील खरा धोका श्रेयांक न मिळण्यात नाही, तो कमी श्रेणीसह मिळण्यात आहे. माध्यमिक शाळेचा श्रेयांक एकदा जमा झाला की, त्याबरोबरची श्रेणी चार गुणांच्या मापावरील गुणसरासरीत धरली जाते आणि महाविद्यालयापर्यंत सोबत जाते. तेराव्या वर्षी मिळालेली ‘क’ श्रेणी सतराव्या वर्षीच्या अर्जात दिसते. राज्यांनी यावर निरनिराळे उपाय योजले आहेत. व्हर्जिनियात पालक शाळेस विनंती करून अशा विषयाची श्रेणी नोंदीतून वगळू शकतात. मग श्रेयांकही मिळत नाही. फ्लॉरिडात माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यास केवळ ‘ड’ किंवा अनुत्तीर्ण श्रेणी विषय पुन्हा घेऊन बदलता येते, पण मध्यशाळेत घेतलेल्या विषयाची ‘क’ श्रेणीही बदलून घेण्याची मुभा कायद्याने दिली आहे. वयाचा विचार करून दिलेली ही सवलत रास्त म्हटली पाहिजे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने आणखी निराळी वाट काढली : सातवी-आठवीतील गणित व भाषा हे विषय प्रवेशाची अट पूर्ण करण्यास चालतात, पण त्यांच्या श्रेणी विद्यापीठाच्या गुणसरासरीत धरल्या जात नाहीत.

क्रीडापटूंना आणखी एक नियम पाहावा लागतो. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना १६ मूलभूत विषयांची अट घालते. आठवीत पूर्ण केलेले बीजगणित किंवा भाषा त्यांत धरता येते, परंतु ते माध्यमिक शाळेच्या नोंदपत्रावर श्रेणी व श्रेयांकासह आलेले असले पाहिजे. दूरशिक्षणाच्या बाबतीत या संघटनेने ऑगस्ट २०१० पासून नियम कडक केले : शिक्षक व विद्यार्थी यांच्यात नियमित संपर्क हवा आणि पाठ्यक्रम पूर्ण करण्यास ठराविक मुदत हवी. काही आठवड्यांत धडे उरकून श्रेयांक पदरात पाडून घेण्याचे प्रकार वाढल्यामुळे हे करावे लागले.

मराठी भाषक व भारत : अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत या पद्धतीची चर्चा मुख्यतः गणितासंबंधी होत असली, तरी भाषेच्या बाजूनेही तिचा संबंध येतो. घरी बोलली जाणारी भाषा शाळेत शिकविली जात नसताना तिच्या प्रावीण्याची चाचणी देऊन परकीय भाषेचे श्रेयांक मिळविण्याची सोय अनेक शाळा-जिल्ह्यांत आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या परंपरेतील शनिवार-रविवारच्या मराठी शाळांत जाणाऱ्या मुलांना, ज्या जिल्ह्याच्या भाषायादीत मराठी आहे तेथे, या मार्गाचा उपयोग होऊ शकतो. चाचणीत बोलण्याबरोबरच वाचन व लेखन अपेक्षित असल्याने केवळ घरी मराठी ऐकणाऱ्या मुलास ती सोपी जात नाही.

भारतात आठवीपूर्वी दहावीचा विषय पूर्ण करून त्याची नोंद पुढे नेण्याची सर्वसाधारण व्यवस्था नाही. महाराष्ट्र मंडळाच्या परीक्षेस शाळेबाहेरून, म्हणजे १७ नंबरचा अर्ज भरून बसता येते, परंतु ती सवलत शिक्षण खंडित झालेल्यांसाठी आहे. वेगाने पुढे जाणाऱ्यांसाठी नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ही दूरशिक्षणाची सर्वांत मोठी शालेय यंत्रणा होय. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या १९७९ मधील प्रकल्पातून ती उगम पावली व १९८९ मध्ये स्वतंत्र झाली. तिच्यात विषय एकेक करून उत्तीर्ण होता येतात, नोंदणी पाच वर्षे चालते आणि अन्य मंडळांतील उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक मर्यादित प्रमाणात हस्तांतरित करता येतात; म्हणजे अमेरिकन श्रेयांकाची मूळ कल्पना येथे आहे. मात्र माध्यमिक पाठ्यक्रमास किमान १४ वर्षे वयाची अट असल्याने पूर्वार्जनाचे दार बंद राहते. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय शिक्षणही श्रेयांकांच्या कक्षेत आणले असून, वर्षाचे १,२०० अध्ययन-तास म्हणजे ४० श्रेयांक असे मोजमाप ठरविले आहे. पाचवीपासून स्तर मोजणाऱ्या या आराखड्यात श्रेयांक साठविण्यासाठी विद्यार्थ्याच्या नावे खाते उघडण्याची तरतूद आहे. त्या खात्यात वरच्या इयत्तेचा विषय अगोदर जमा करता येईल की नाही, हे शिक्षणमंडळांनी ठरवावयाचे आहे.